बाकीचे मोल जाणणारे शिक्षक : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

भारतातील शालेय शिक्षकांपैकी ज्यांचे नाव जगभरातील गणितप्रेमींच्या ओठी आहे, असे शिक्षक फार थोडे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांतील एक ठळक नाव. त्यांच्यापाशी विद्यापीठातील पद नव्हते, संशोधनसंस्थेचा आधार नव्हता, पदव्युत्तर शिक्षणही नव्हते. नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेतील मुलांना गणित शिकवणे हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. ज्या साधनांनी त्यांनी संख्यांचा शोध घेतला, ती साधने चौथीतल्या मुलाच्या दप्तरातही असतात : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि भागाकार संपल्यावर तळाशी उरणारी बाकी. सामान्यतः दुर्लक्षिल्या जाणाऱ्या या बाकीकडे किती बारकाईने पाहता येते, हे त्यांच्या जीवनकार्यातून समजते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच आईचे छत्र हरपले आणि त्यांचे संगोपन वडिलांनी केले. वडील पेशाने कारकून. त्यांना ज्योतिषाचा विलक्षण नाद होता. ज्योतिषाला गहन गणित लागत नसले, तरी आकडेमोडीचा हात स्वच्छ असावा लागतो, आणि ही आकडेमोडीची गोडी मुलाने वडिलांकडून उचलली. पंचांगाच्या गणितात एक गोष्ट मोठी लक्षणीय असते. दिवसांच्या एकूण संख्येला सातने भागून वार काढायचा असतो, तेव्हा किती आठवडे लोटले याच्याशी कर्तव्य नसते. वार सांगते ती उरलेली बाकी. शाळेत बाकी म्हणजे उत्तराची शेपटी, तर पंचांगात बाकी हेच उत्तर. ज्या घरात अशी गणिते नित्य चालत, त्या घरात हा मुलगा वाढला.

त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाले. गणिती कोडी सोडवण्यात तासन्‌तास रमणे हा त्यांचा त्या वयातील छंद पुढे कधीच सुटला नाही. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कार्यासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे गणित पारितोषिक त्यांना लाभले. केंब्रिजच्या गणित परीक्षेत अव्वल स्थान मिळवणारे पहिले भारतीय असा ज्यांचा लौकिक, त्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाचे हे पारितोषिक. १९२९ साली कापरेकर बी.एस्‌सी. झाले. पुढे पदव्युत्तर अभ्यासाची वाट त्यांनी धरली नाही. ते देवळालीला शिक्षक म्हणून गेले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

शाळेच्या गणितात चार मूलभूत क्रियांपैकी मुलांना सर्वांत अवघड जाते ती भागाकाराची. त्याची कारणे उघड आहेत. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार उजवीकडून सुरू होतात, तर भागाकार डावीकडून. इतर क्रियांत नियम पाळला की उत्तर येते. भागाकारात प्रत्येक पायरीवर अंदाज करावा लागतो. भाजकाचा पाढा म्हणायचा, भाग किती वेळा जातो ते ठरवायचे, गुणाकार करायचा, वजा करायचे, पुढचा अंक खाली घ्यायचा आणि हेच पुन्हा करायचे. म्हणजे एका भागाकारात उरलेल्या तिन्ही क्रिया सामावलेल्या असतात. त्यांतली एक चुकली तरी खालचे सारे चुकत जाते. एवढे श्रम करून अखेरीस काहीतरी उरले, तर मुलाला आपलेच काही चुकले असे वाटते.

शिवाय बाकी लिहून गणित नेहमीच संपत नाही. २३ लाडू ५ मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला ४ मिळतात आणि ३ उरतात. २३ मुलांना टांग्याने न्यायचे असेल आणि एका टांग्यात ५ मुले बसत असतील, तर मांडणी तीच, बाकीही तीच. पण टांगे ४ नव्हे, ५ लागतात. आणि आज सोमवार असेल, तर २३ दिवसांनी कोणता वार, असे विचारले तर सातने भागून उरलेले २ एवढेच कामाचे, उत्तर बुधवार. ही तिन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवल्यावर बाकी म्हणजे केरात टाकायची वस्तू नव्हे, तिला अर्थ असतो, हे मूल ओळखू लागते. त्यानंतर त्याच्या ध्यानी आणून द्यायचा एकच नियम उरतो : बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते. हा नियम इतका साधा की तो पाठ करून विसरला जातो. कापरेकरांच्या एका प्रदीर्घ अभ्यासाच्या मुळाशी मात्र हाच नियम आहे.

तो अभ्यास आवर्ती दशांशांचा. १ ला ७ ने भागायला घ्यावे. भाग जात नाही, म्हणून शून्य जोडून १० करावे. भाग १ वेळा जातो, बाकी ३. मग ३० मध्ये ४ वेळा, बाकी २. २० मध्ये २ वेळा, बाकी ६. ६० मध्ये ८ वेळा, बाकी ४. ४० मध्ये ५ वेळा, बाकी ५. ५० मध्ये ७ वेळा, बाकी १. ज्या १ पासून आरंभ केला, तोच १ परत हाती आला; आता पुढे तेच अंक त्याच क्रमाने फिरत राहणार. म्हणून उत्तरात १४२८५७ हा गट अखंड येत राहतो. असे का व्हावे? ७ ने भागल्यावर शून्याखेरीज १ ते ६ एवढ्याच बाक्या संभवतात. सातव्या पायरीपर्यंत कोणतीतरी बाकी पुन्हा येणारच, आणि बाकी पुन्हा आली की अंकांना जुन्याच वाटेने जावे लागते. आवर्तन घडते ते बाक्यांमुळे. वर दिसणारे अंक ही केवळ त्यांची सावली.

१९५० साली कापरेकरांनी आवर्ती दशांशांच्या आवर्तनांवर एक पुस्तिका देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केली. तीत १६१ पर्यंतच्या भाजकांचा विचार होता. या कामाचा आवाका जाणून घ्यायचा असेल, तर १ ला १६१ ने भागण्याचा प्रयत्न करून पाहावा. तेथे आवर्तन ६६ अंकांचे आहे. म्हणजे साध्या रीतीने गेल्यास चुकीला जागा न देता ६६ पायऱ्या उतरल्यावर १ ही बाकी पुन्हा भेटते. त्या काळी शाळेतील शिक्षकाच्या हाती गणकयंत्र नव्हते. कागद, लेखणी आणि पाढे यांच्या बळावर हे सारे करायचे होते.

कापरेकरांचे नाव सर्वतोमुखी झाले ते ६१७४ या संख्येमुळे. १९४६ साली तिचे वैशिष्ट्य त्यांच्या ध्यानी आले आणि १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक एकच नसावेत एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. वजाबाकीचे उत्तर तीन अंकी आले, तर आधी शून्य लिहून चार अंक पुरे करावेत. उदाहरणार्थ ३५२४ घेतली, तर ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ उरतात. ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४च. आरंभ कोठूनही केला, तरी अधिकात अधिक सात पायऱ्यांत हीच संख्या येते आणि तेथेच स्थिर होते. आज तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

हा खेळ वजाबाकीचा दिसत असला, तरी त्याच्या पोटात भागाकाराची बाकी दडलेली आहे. १०, १००, १००० यांपैकी कोणत्याही संख्येला ९ ने भागले की बाकी १ उरते. त्यामुळे कोणत्याही संख्येला ९ ने भागून जी बाकी येते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून येते. अंकांची केवळ अदलाबदल केली, तर बेरीज बदलत नाही. म्हणून बाकीही बदलत नाही. सारखी बाकी असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी केली की बाक्या परस्परांना छेदतात आणि उत्तराला ९ ने नि:शेष भाग जातो. वरील उदाहरणातील ३०८७, ८३५२ आणि ६१७४ या तिन्हींच्या अंकांची बेरीज १८ आहे, हा म्हणून योगायोग नव्हे. वजाबाकी करताना एखाद्या मुलाची चूक झाली, तर अंकांची बेरीज बहुधा ती उघड करते.

बाकीच्या उलट बाजूकडे, म्हणजे बाकी शून्य येण्याकडेही कापरेकरांचे तितकेच लक्ष होते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, त्या संख्येला त्यांनी हर्षद असे नाव दिले. हर्ष देणारी ती हर्षद. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला पूर्ण भाग जातो. म्हणून १८ हर्षद. १३ च्या अंकांची बेरीज ४, आणि ४ ने १३ ला भागता १ उरतो. म्हणून १३ हर्षद नव्हे. हीरक महोत्सवाचा आकडा ६० याच कुळातला : ६ ने भागा, १० येतात, बाकी शून्य. आणि ६१७४? तिच्या अंकांची बेरीज १८. ६१ मध्ये १८ तीन वेळा, बाकी ७. खाली ७ घेऊन ७७ मध्ये चार वेळा, बाकी ५. खाली ४ घेऊन ५४ मध्ये तीन वेळा, बाकी शून्य. भागाकार ३४३. कापरेकरांची सर्वांत प्रसिद्ध संख्या त्यांनीच नाव दिलेल्या हर्षद कुळात मोडते, हे पाहण्यासाठी तीन पायऱ्यांचा एक भागाकार पुरतो. दोन अंकी भाजकाचा सराव करून घेण्यास याहून आकर्षक उदाहरण शोधावे लागेल.

संख्यांना नावे ठेवण्यात कापरेकरांची प्रतिभा विशेष खुलत असे. १२१, १२३२१, १२३४३२१ या ११, १११, ११११ यांच्या वर्गसंख्या. या आणि अशा प्रकारच्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरील ज्या स्थानकात ही कल्पना त्यांना सुचली, त्या स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, ते तत्कालीन नाव. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून पुन्हा २९७. अशा संख्या आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये ६ मिळवले की २१ येतात. पण २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून निर्माण होत नाही. अशा जनकहीन संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या आरंभीच्या स्वयंभू संख्या होत.

हे सारे करीत असताना ते पूर्णवेळ शिक्षकच होते. संख्यांवरील आपले प्रेम ते वर्गात घेऊन जात. गणित शिकवण्याच्या त्यांच्या आगळ्या पद्धतीविषयी बोलण्यासाठी परिसरातील महाविद्यालये त्यांना निमंत्रण देत. गणितज्ञांच्या वर्तुळात मात्र त्यांच्या वाट्याला बराच काळ उपेक्षा आली. अनेकांना त्यांचे शोध क्षुल्लक वाटले. काहींनी त्यांची थट्टाही केली. त्यांचे काही लेख गणितविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झाले; पण बरेचसे लेखन त्यांनी देवळालीच्या खारेस्वाडा या पत्त्यावरून स्वतःच पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले.

त्यांच्यावरील आक्षेप अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. संख्येचे अंक हे ती दहाच्या पटींत लिहिण्याच्या आपल्या रिवाजाचे फळ; दहाऐवजी आठ किंवा बारा हा पाया धरला, तर ६१७४ चा चमत्कार त्याच रूपात उरत नाही. संख्येच्या अंगभूत गुणांचा शोध घेणाऱ्या गणितज्ञाला अंकांचे खेळ दुय्यम वाटले, तर ते समजण्यासारखे आहे. पण या आक्षेपाने दुसरी बाजू झाकली जाते. या प्रश्नांच्या दाराशी पोहोचण्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. दहा वर्षांचे मूल तेथे उभे राहू शकते, स्वतः पडताळा घेऊ शकते, आणि असे का होते हा प्रश्न विचारू शकते. ज्या शिक्षकाचे सारे आयुष्य अशा मुलांमध्ये गेले, त्याने गणिताचे हेच दार उघडे ठेवावे, हे त्याच्या व्यवसायाला साजेसेच होते.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतनात भागेना. उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञान यांच्या खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. स्वयंभू संख्यांवरील पुस्तिका त्यांनी १९६३ साली याच काळात प्रसिद्ध केली होती. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या गणिती मनोरंजनाच्या लोकप्रिय सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांचा परिचय करून दिला. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. देवळालीत छापलेल्या पुस्तिकांतील विषय जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचले, त्यांच्यावर इतरांनी लेख लिहिले, आणि पुढे संगणकांच्या साहाय्याने त्यांचा अभ्यास सुरू झाला. १९८६ साली कापरेकरांचे निधन झाले.

त्यांचे विषय खरोखर क्षुल्लक होते का, याचे एक उत्तर त्यांनी चिकाटीने केलेल्या भागाकारांतच मिळते. १ ला ७ ने भागताना १ ते ६ या साऱ्या बाक्या एकदा येऊन जातात आणि आवर्तन सहा अंकांचे होते. १७ ने भागताना १६ बाक्या येऊन जातात आणि आवर्तन १६ अंकांचे होते. १९, २३ आणि २९ यांचेही असेच. पण ११ आणि १३ तसे वागत नाहीत. ११ चे आवर्तन दोनच अंकांचे, १३ चे सहा अंकांचे. आपल्या सर्व बाक्या पुऱ्या केल्यावाचून न थांबणाऱ्या ७ किंवा १७ सारख्या मूळ संख्या अगणित आहेत की कोठेतरी संपतात? त्या अगणित असाव्यात असा गणितज्ञांचा तर्क आहे. निर्णायक सिद्धता मात्र अद्याप कोणालाही देता आलेली नाही. भागाकार शिकलेल्या मुलाला हा प्रश्न समजू शकतो. १ ला १३ ने भागून कोणत्या बाक्या आल्या आणि कोणत्या आल्याच नाहीत, याची यादी वहीच्या समासात लिहून काढली, की तो त्या प्रश्नाच्या आरंभापाशी पोहोचलेला असतो.